कोरडी, नाजूक त्वचा आणि सांगलीची हवा: मॉइश्चरायझर निवडायचं कसं

दिवाळी सरली की सांगलीतल्या मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य दिवसभर कानावर येतं: "अंग लई उलतंय, एखादी चांगली क्रीम द्या." क्रीम काढण्याआधी मी उलट प्रश्न विचारते. नेमकं कुठं उलतंय? खाज रात्री वाढते का? आंघोळीचं पाणी नळाचं की बोरचं? काम काय करता? आतापर्यंत काय काय लावून झालं? काही जण वैतागतात, पण ही उत्तरं कळल्याशिवाय मला नीट सुचवता येत नाही. पहिल्यांदाच मॉइश्चरायझर घ्यायला निघालेल्यांसाठी हा लेख साधारण त्याच क्रमानं लिहिला आहे. माझं मत आधीच सांगते. कोरड्या आणि पटकन चुरचुरणाऱ्या त्वचेला बिनवासाची, साधी, घट्ट क्रीम लागते. ती ओलसर अंगावर आणि हात आखडता न घेता लावावी लागते. महागडी असायची गरज नाही.

आधी हा कोरडेपणाच आहे ना, ते बघा

कोरडी त्वचा पांढुरकी दिसते. नखानं हलकं ओढलं की पांढरी रेघ उमटते, आंघोळीनंतर अंग ताणल्यासारखं वाटतं. नडग्या, हाताची पाठ, कोपरं आणि टाचा इथं ते आधी कळतं. नाजूक त्वचेची तक्रार वेगळी. वरून फारसं काही दिसत नाही, पण साबण, घाम, वारा, नवी क्रीम, कशानंही चुरचुरतं. पुष्कळ जणांना दोन्ही एकत्र असतं, कारण कोरड्या त्वचेला बारीक भेगा पडतात आणि त्यांतून बाहेरचं काहीही आत लवकर शिरतं.

पण खाजतंय म्हणजे कोरडंच आहे, असं समजू नका. गोल चट्टा, कडेला लालसर उठाव आणि मधला भाग त्यामानानं साफ असेल तर तो बहुतेक नायटा असतो. रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरातल्या बाकीच्यांनाही खाज सुटली आहे, तर खरजेची शंका घ्या. या दोन्हींवर मॉइश्चरायझरचा उपयोग नाही, औषधच लागतं.

शेतात राबणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या आतल्या घडीतली कातडी जाड, काळपट होऊन खाजत असेल, तर बांधावरचं गाजर गवत कारण असू शकतं. हे तण १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि आता कुठल्या बांधावर नाही असं नाही. त्याचे वाळलेले कण वाऱ्यानं उडून अंगावर बसले तरी ॲलर्जी होते. अशा वेळी क्रीमचा आधार होतो, पण गवतापासून लांब राहिल्याशिवाय आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्याशिवाय ते थांबत नाही.

थायरॉइड कमी असणं, मधुमेह आणि मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी यांनीही अंग कोरडं पडतं. यांतलं काही असेल तर काउंटरवर तसं सांगा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. शेजारणीनं सांगितलं म्हणून घेतलेली, "लावली की दुसऱ्या दिवशी गुण" अशी ख्याती असलेली ट्यूब बऱ्याच घरांत असते. तिच्या मागे क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. मॉइश्चरायझर म्हणून ते कधीच वापरायचं नाही. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलं तर ते उत्तम औषध आहे. मनानं महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, चेहरा लाल राहतो, आणि नायटा असेल तर तो पसरतो आणि ओळखूही येईनासा होतो. रंग उजळवणाऱ्या, कंपनीचा पत्ता नसलेल्या डब्यांपासूनही दूर राहा. त्यांत पारा सापडल्याची उदाहरणं आपल्या राज्यात घडली आहेत, आणि पाऱ्यानं मूत्रपिंडाला इजा होते.

क्रीमच्या आधी न्हाणीघर

तासगाव, मिरज भागातल्या बेदाणा शेडवर काय करतात ते आठवा. द्राक्षाचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात. त्यानं मण्यावरचं मेणासारखं आवरण सैल होतं, आतलं पाणी भराभर निघून जातं आणि बेदाणा लवकर तयार होतो. आपल्या त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातही पेशींच्या मधे असंच स्निग्ध आवरण असतं. ते सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड यांचं बनलेलं असतं. कढत पाणी आणि कडक साबण ते धुऊन काढतात, मग आतलं पाणी हवेत उडून जातं. घागरभर पाणी प्यायलं तरी हे नुकसान थेट भरून निघत नाही. गळती वरून थांबवावी लागते.

म्हणून पाणी कोमट घ्या आणि पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरका. थंडीत बंबाचं वाफाळतं पाणी अंगावर घ्यायला बरं वाटतं हे मान्य, पण खाज सुटणाऱ्यांनी तो मोह आवरावा. साबण काख, जांघ, पाय आणि खरोखर मळलेल्या जागेपुरता पुरतो. नेहमीच्या साबणवडीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप, ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. एवढा फरक नाजूक त्वचेला सोसत नाही. 'सिंडेट बार' किंवा 'सोप-फ्री' लिहिलेली वडी किंवा द्रव साबण त्यापेक्षा सौम्य असतो. घासणी, दगड, जाडंभरडं उटणं हे सगळं बाजूला ठेवा. दिवाळीच्या पहाटे शास्त्रापुरतं उटणं लावायचं असेल तर बारीक चाळलेलं, भरपूर तेलात कालवलेलं आणि न चोळता. बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतायची सवय असेल तर ती आजच सोडा.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बोरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबणाला फेस येत नाही म्हणून माणूस आणखी साबण चोळतो, आणि साबण-क्षारांचा न धुतला जाणारा थर अंगावर राहतो. तिथं साबण जितका कमी तितकं बरं. शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे मिळाले तर फारच छान.

डब्याची मागची बाजू वाचा

समोरच्या बाजूवर जाहिरात असते, कामाची माहिती मागे बारीक अक्षरांत. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते, त्यामुळे पहिल्या सहा-सात नावांत बराचसा माल कळतो.

मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारचे घटक काम करतात. पहिले पाणी ओढून धरणारे: ग्लिसरीन, युरिया, हायलुरॉनिक ॲसिड, सॉर्बिटॉल. दुसरे खडबडीतपणा भरून काढून त्वचा मऊ करणारे: वनस्पती तेलं, शिया बटर, सेटाइल आणि स्टिअरिल अल्कोहोल. तिसरे वरून झाकण घालणारे: पेट्रोलॅटम, म्हणजेच पेट्रोलियम जेली किंवा व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, शिवाय लिक्विड पॅराफिन आणि डायमेथिकोन. कोरड्या त्वचेच्या क्रीममध्ये तिन्ही असावेत. नुसते पाणी ओढणारे घटक असलेलं जेल आपल्या फेब्रुवारीतल्या कोरड्या वाऱ्यात अपुरं पडतं, कारण ओढलेलं पाणी रोखायला वर काहीच नसतं. सेरामाइड असेल तर चांगलंच, पण ते नाही म्हणून साधी क्रीम नाकारू नका. झाकण घालण्याच्या कामात पेट्रोलियम जेलीच्या तोडीचं फार थोडं आहे. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली तिचं पेटंट घेतलं, आणि आजही त्वचारोगतज्ज्ञ ती सुचवतात.

अल्कोहोल हे नाव बघून घाबरणारे बरेच भेटतात. सेटाइल, स्टिअरिल, सेटोस्टिअरिल ही मेणासारखी, त्वचा मऊ करणारी अल्कोहोलं आहेत. 'अल्कोहोल डिनॅट' किंवा नुसतं 'इथेनॉल' यादीत वरच्या बाजूला असेल तर मात्र ती क्रीम कोरड्या त्वचेसाठी नाही.

नाजूक त्वचेनं काय टाळायचं? सगळ्यात आधी सुगंध. यादीत 'फ्रेग्रन्स' किंवा 'परफ्यूम' असेल तर डबा परत ठेवा. लव्हेंडर, पेपरमिंट, टी ट्री यांची सुगंधी तेलं नैसर्गिक असली तरी ॲलर्जी करू शकतात. 'अनसेंटेड' लिहिलेल्या क्रीममध्ये मूळचा वास लपवायला सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून 'फ्रेग्रन्स-फ्री' हे शब्द शोधा. दुसरं नाव मिथाइलआयसोथायाझोलिनोन. हे टिकवण्यासाठी वापरलं जाणारं रसायन आहे. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली ते वर्षातलं ठळक ॲलर्जीकारक म्हणून जाहीर केलं होतं, आणि युरोपात लावून ठेवायच्या क्रीममध्ये त्याला आता बंदी आहे. लॅनोलिन, म्हणजे लोकरीतला स्निग्ध अंश, बहुतेकांना चालतो पण काहींना त्रास देतो. पॅराबेनचं उलटं झालं आहे. 'पॅराबेन-फ्री' असं अभिमानानं छापतात, पण त्याच संघटनेनं २०१९ साली पॅराबेनना 'नॉन-ॲलर्जन' ठरवलं, कारण त्यांनी ॲलर्जी फार क्वचित होते. रेटिनॉल, ग्लायकोलिक ॲसिड, मेंथॉल यांना चुरचुरणाऱ्या त्वचेपासून लांब ठेवा.

'हर्बल', 'नॅचरल', 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' या शब्दांवर पैसे मोजू नका. त्याऐवजी उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत बघा. मग हिशेब करा. समजा ५० ग्रॅमची ट्यूब १८० रुपयांना आहे आणि ४५० ग्रॅमचा पंपाचा डबा ५४० ला. पहिली १०० ग्रॅममागे ३६० रुपयांना पडली, दुसरा १२० ला. पण मोठा डबा चाचणी पार पडल्यावरच घ्यायचा. चाचणीचं पुढे येतंच.

घरातलं काय चालतं, काय नाही

खोबरेल तेल कोरड्या, न चिघळलेल्या अंगाला चांगलं. मात्र केसांसाठीचं सुवासिक तेल नको, खाण्याचं शुद्ध खोबरेल घ्या. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर तिथं लावू नका. सूर्यफूल तेलही चालतं. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असं वाटतं, पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यानं त्वचेचा वरचा थर कमकुवत झालेला दिसला, सूर्यफूल तेलानं तसं झालं नाही. मोहरीचं तेल नाजूक त्वचेला झोंबतं, बाळाच्या मालिशीला तर नकोच.

टाचांच्या भेगांना कोकम तेल ही आपल्याकडची जुनी आणि खरोखर उपयोगी चीज आहे. किराणा दुकानात त्याचा घट्ट गोळा मिळतो. वितळवून, कोमट झाल्यावर रात्री टाचांना लावा आणि वर सुती मोजे घाला. कढत असताना भेगेत ओतायचं नाही, भाजतं.

बिब्बा मात्र कुणी कितीही सांगितलं तरी लावू नका. भेगेला बिब्ब्याचा चटका देणं गावाकडं अजून चालतं. त्याच्या तेलानं कातडी भाजल्यासारखी फोडाला येते, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढच्या वेळी थोडा स्पर्शही पुरतो.

लिंबूही नको. रस आम्लधर्मी असतोच, शिवाय तो लावून उन्हात गेलं की फोड आणि काळे डाग पडू शकतात. सांगली हळदीची पेठ आहे, तिच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तिचा अभिमान मलाही आहे. पण कोरड्या, फुटलेल्या त्वचेला हळदीचा लेप सुकवून ओढायचा नसतो, त्यानं कोरडेपणा वाढतो. मुलतानी माती आणि डाळीचं पीठ यांचंही तेच. ग्लिसरीन आणि गुलाबजल ही जोडी चालते, पण ग्लिसरीन पातळ करून घ्या आणि वरून तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. गुलाबजलाचा वास सोसत नसेल तर साधं पाणी घ्या.

लोशन, क्रीम की मलम

लोशनमध्ये पाणी जास्त, मलमात स्निग्धांश जास्त, क्रीम मधली. आपल्या जिल्ह्यात शिराळ्याकडे मुसळधार पाऊस आणि जतकडे रखरख, त्यामुळे सगळ्यांना एकच सांगता येत नाही. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत लोशन पुरतं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत क्रीम हवी. उन्हाळ्यात घाम येतो म्हणून पूर्ण बंद करू नका, पूर्वेकडच्या तालुक्यांत तेव्हाही हवा कोरडीच असते.

चेहऱ्याला हलकी, बिनवासाची क्रीम. मुरमं असतील तर 'नॉन-कोमेडोजेनिक', म्हणजे त्वचेची छिद्रं न बुजवणारी, असं लिहिलेली बघा. टाचा आणि कोपरांना १० टक्क्यांच्या आसपास युरियाची क्रीम छान काम करते, पण ओल्या भेगेवर युरिया झोंबतो. आधी चार-पाच दिवस पेट्रोलियम जेलीनं भेग मिटू द्या. द्राक्षबागेत फवारणी-विरळणी करणाऱ्यांनी, हळद शिजवणाऱ्या-पॉलिश करणाऱ्यांनी आणि दिवसभर भांडी घासणाऱ्यांनी हाताला मलम वापरावं. कामाच्या वेळी हातमोजे, आणि रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे. काम संपलं की हात सौम्य साबणानं धुऊन लगेच पुन्हा मलम.

चाचणी आणि मग वापर

नवी क्रीम थेट चेहऱ्याला लावू नका. लहान ट्यूब घ्या. कोपराच्या आतल्या घडीवर रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. पहिल्या मिनिटाला किंचित चुरचुरून थांबलं तर ते भेगांमुळं असू शकतं. लाली, पुरळ, सूज किंवा वाढत जाणारी खाज दिसली तर क्रीम धुऊन बंद करा. एका वेळी एकच नवी वस्तू आजमावा, नाहीतर कशानं त्रास झाला ते कळत नाही.

लावायची वेळ फार महत्त्वाची आहे. आंघोळीनंतर अंग टिपून घ्या, रगडू नका, आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. केसांच्या दिशेनं, वरून खाली, हलक्या हातानं. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर किंवा झोपताना पुन्हा.

किती लावायची? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली क्रीम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. एका पायाला, पाऊल सोडून, अशी सहा बोटं लागतात. अंगभर एकदा लावायला वीसेक ग्रॅम, म्हणजे दोन वेळचा हिशेब आठवड्याला पाव किलोच्या पुढे जातो. "क्रीमनं काही फरक नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची ५० ग्रॅमची ट्यूब महिना-महिना पुरलेली असते. सगळ्या अंगाला एवढी क्रीम परवडत नसेल तर चेहऱ्याला आणि हातांना चांगली क्रीम ठेवा, बाकी अंगाला ओलसर असताना साधं खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. हा मार्ग मी मनापासून सुचवते.

डब्यातली क्रीम स्वच्छ, कोरड्या चमच्यानं काढा. आणखी एक धोका ठाऊक असू द्या: पॅराफिन किंवा तेलकट मलम मुरलेलं कापड भराभर पेट घेतं. मलम लावलेल्या हातानं पदर, ओढणी, शाल सारखी पुसली जात असेल तर चुलीजवळ, गॅसजवळ आणि शेकोटीला सांभाळा, ते कपडे वारंवार धुवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

दोन-तीन आठवडे नीट लावूनही फरक नसेल, खाजेनं झोप मोडत असेल, पाणी किंवा पू येत असेल, भेगेतून रक्त येत असेल, तर क्रीम बदलत बसू नका. तान्ह्या बाळाचे गाल आणि हातापायाच्या घड्या सतत लाल, ओलसर राहत असतील तरी दाखवा. मधुमेह असणाऱ्यांनी पायाची भेग कधीच छोटी समजू नये. रोज तळपाय बघा, मलम टाचांना आणि पावलांना लावा, पण बोटांच्या मधे नको, तिथं ओल राहून बुरशी धरते.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. तिथं किंवा कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, डबे, साबणाचं वेष्टन आणि वैदूनं दिलेली पुडीसुद्धा पिशवीत घालून न्या. ट्यूब रिकामी झाली असली तरी चालेल, नाव वाचता आलं की पुरे.